हवामान बदल: प्रयोगशाळेतून चावडीवर

हवामान बदल हा विषय विज्ञानाला जुना आणि समाजाला नवा आहे. हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण बदलले तर पृथ्वीचे तापमान किती बदलेल, याचे गणित स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ स्वांते अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्येच मांडले होते. १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटांवरील मौना लोआ येथे या वायूची नियमित मोजणी सुरू केली. तेव्हा हवेच्या दर दहा लाख भागांत त्याचे सुमारे ३१५ भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. इतकी स्पष्ट मोजणी हाताशी असूनही हा विषय वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर, कायदेमंडळांत आणि कथा-चित्रपटांत यायला विसावे शतक सरत आले. या विलंबाची काही कारणे विषयाच्या स्वभावात आहेत, तर काही माणसांच्या हितसंबंधांत.

बातमी: घटना आणि प्रक्रिया

बातमी घटनेवर जगते. पूर, वादळ, दुष्काळ यांना तारीख असते, ठिकाण असते, छायाचित्र असते. हवामान बदल मात्र अनेक दशकांच्या सरासरीत दिसतो. त्यामुळे त्याला बातमीत शिरायला एखाद्या घटनेचा आधार लागतो. असा आधार १९८८ च्या उन्हाळ्यात मिळाला. अमेरिकेत तीव्र दुष्काळ होता, मका आणि सोयाबीनची पिके करपत होती. २३ जून रोजी ‘नासा’चे शास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन यांनी सिनेटच्या समितीसमोर साक्ष दिली. तापमानवाढ ही निसर्गातील नेहमीची चढउतार नाही, याची आपल्याला ९९ टक्के खात्री आहे, असे त्यांनी सांगितले. ही बातमी जगभर गेली. त्याच वर्षी जागतिक हवामान संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम यांनी मिळून ‘आयपीसीसी’ ही आंतरसरकारी समिती स्थापन केली. जगभरच्या संशोधनाचा आढावा घेऊन ती दर काही वर्षांनी अहवाल देते. मानवी कृतींमुळे पृथ्वी तापली आहे यात शंका उरलेली नाही, असे तिने २०२१ मध्ये निःसंदिग्ध शब्दांत नोंदवले.

पत्रकारितेतला एक चांगला नियम मात्र इथे अडचणीचा ठरला. वादाच्या दोन्ही बाजू द्याव्यात, असा तो नियम. राजकीय मतभेदांत तो योग्यच असतो. पण जिथे एका बाजूला जवळजवळ सगळे शास्त्रज्ञ आणि दुसऱ्या बाजूला मूठभर माणसे असतात, तिथे दोघांना सारखी जागा दिली की वाचकाला प्रश्न अनिर्णित वाटतो. मॅक्सवेल आणि ज्युल्स बॉयकॉफ यांनी अमेरिकेतील चार मोठ्या दैनिकांच्या १९८८ ते २००२ या काळातील मजकुराचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध केला. निम्म्याहून अधिक बातम्यांत मानवी आणि नैसर्गिक कारणांना सारखेच वजन दिलेले आढळले. समतोल राखताना चित्रच कलले होते. बीबीसीने तर २०१८ मध्ये आपल्या पत्रकारांना कळवले, की समतोलासाठी हवामान बदल नाकारणाऱ्याला बोलावण्याची गरज नाही.

राजकारण: शंका आणि हिशेब

ही अनिश्चितता काही प्रमाणात हेतुपुरस्सर पेरलेली होती. तेल, कोळसा आणि मोटार उद्योगातील कंपन्यांनी १९८९ मध्ये ‘ग्लोबल क्लायमेट कोएलिशन’ नावाची आघाडी उभारली. २००२ मध्ये ती बंद होईपर्यंत तिने विज्ञानाबद्दल शंका पसरवण्याचे आणि उत्सर्जनावर बंधने येऊ न देण्याचे काम केले. एक्झॉन कंपनीच्या स्वतःच्या शास्त्रज्ञांनी १९७७ ते २००३ या काळात तापमानवाढीचे जे अंदाज केले होते, ते तपासणारा अभ्यास २०२३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. त्यांपैकी ६३ ते ८३ टक्के अंदाज अचूक ठरले होते. कंपनीला आतून जे ठाऊक होते, त्याच्या उलट ती जाहीरपणे बोलत राहिली.

राजकारणाचा दुसरा पदर न्यायाचा आहे आणि त्याला वाचा फोडण्यात भारताचा मोठा वाटा आहे. १९९० च्या सुमारास एका अमेरिकी संस्थेच्या अहवालाने भारताला सर्वाधिक उत्सर्जन करणाऱ्या देशांच्या पंक्तीत बसवले. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटचे अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्ये त्याला सविस्तर उत्तर दिले. पोटासाठी भात पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या खाचरातला मिथेन आणि चैनीसाठी फिरणाऱ्या मोटारीचा धूर एकाच मापाने मोजता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. हिशेब देशागणिक न मांडता माणशी मांडावा, अशी त्यांची मागणी होती. १९९२ च्या रिओ परिषदेतील करारात जबाबदारी सर्वांची, पण वाटा ज्याच्या-त्याच्या कुवतीप्रमाणे, हे तत्त्व आले. १९९७ च्या क्योटो कराराने फक्त विकसित देशांवर बंधने घातली. अमेरिकी सिनेटने त्याआधीच अशा कराराला ९५ विरुद्ध ० मतांनी विरोध नोंदवला होता, आणि २००१ मध्ये अमेरिकेने करारातून अंग काढून घेतले. २०१५ च्या पॅरिस करारात प्रत्येक देशाने आपले उद्दिष्ट स्वतः ठरवायचे, अशी पद्धत आली. भारताने २०२१ मध्ये ग्लासगोला निव्वळ शून्य उत्सर्जनासाठी २०७० हे वर्ष जाहीर केले.

संस्कृती: कथेत न मावणारे संकट

अमिताव घोष यांनी ‘द ग्रेट डिरेंजमेंट’ या २०१६ च्या पुस्तकात एक मूलभूत प्रश्न विचारला: इतके मोठे संकट गंभीर कादंबऱ्यांत इतके कमी का दिसते? मार्च १९७८ मध्ये दिल्लीत आलेल्या चक्री वावटळीत ते स्वतः सापडले होते. पण तो अनुभव त्यांना कुठल्याच कादंबरीत बसवता आला नाही. वास्तववादी कादंबरी रोजच्या, संभाव्य जगण्यावर उभी असते. अघटित तिथे खोटे वाटते. आता मात्र अघटितच नित्याचे होत चालले आहे.

चित्रपटांनी वेगवेगळ्या वाटा चोखाळल्या. ‘द डे आफ्टर टुमारो’ने २००४ मध्ये प्रलयाचा थरार दाखवला. नीला माधब पांडा यांच्या ‘कडवी हवा’ने २०१७ मध्ये बुंदेलखंडातल्या कर्जबाजारी शेतकऱ्याचा बाप आणि ओडिशाच्या किनाऱ्यावरून आलेला वसुली एजंट यांना समोरासमोर आणले. एकाला पाऊस नाही म्हणून भीती, दुसऱ्याला समुद्र गाव गिळेल म्हणून. आइसलँडमध्ये २०१९ साली ओक्योकुल ही हिमनदी संपल्याचा शोकविधी झाला. तिथल्या स्मृतिफलकावर हवेतील कार्बन डायऑक्साइडचा त्या वेळचा आकडाही कोरला आहे. ग्रेटा थुनबर्गने २०१८ मध्ये स्वीडनच्या संसदेबाहेर एकटीने धरलेले धरणे वर्षभरात जगभरच्या शाळकरी मुलांचे आंदोलन झाले.

आपल्या बांधावर

महाराष्ट्रात अवकाळी पाऊस किंवा गारपिटीच्या बातम्यांची एक घडी बसलेली आहे: आडवी झालेली पिके, पंचनाम्यांचे आदेश, बांधावरचे दौरे, मदतीची मागणी आणि चार दिवसांनी शांतता. शेतकऱ्याच्या दृष्टीने यातले प्रत्येक पाऊल मोलाचे आहे. पण अशा घटना वाढत आहेत का आणि का, हा प्रश्न त्यात क्वचितच येतो.

त्याचे उत्तर आता मिळू शकते. शास्त्रज्ञ संगणकावर दोन हवामाने उभी करतात: एक आजचे, दुसरे मानवी उत्सर्जन नसते तर जे असते ते. दोन्हींत तशी घटना किती वेळा घडते हे मोजले, की फरक समजतो. मार्च-एप्रिल २०२२ च्या उष्णतेने उत्तर भारतात गहू होरपळला आणि मे महिन्यात निर्यातबंदी आली. मानवी उत्सर्जनामुळे अशा उष्णतेची शक्यता सुमारे ३० पट वाढली आहे, असा निष्कर्ष ‘वर्ल्ड वेदर ॲट्रिब्यूशन’ या गटाने त्याच महिन्यात जाहीर केला.

मात्र हवामान बदलाच्या कारणाचा गैरवापरही होतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईतील सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे खरे. पण मिठी नदीचे पात्र भरावांनी आणि बांधकामांनी आवळले होते, हेही तितकेच खरे. आभाळाकडे बोट दाखवून नाल्याची जबाबदारी टाळता येत नाही.

अलीकडे कारभार आणि कायदा या दोन्ही बाजूंनी पावले पडली आहेत. मुंबईने मार्च २०२२ मध्ये आपला हवामान कृती आराखडा जाहीर केला आणि निव्वळ शून्य उत्सर्जनासाठी २०५० हे वर्ष ठरवले. माळढोक पक्षी आणि वीजवाहिन्या यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षणाचा हक्क राज्यघटनेच्या कलम १४ आणि २१ मधून येतो, असे मान्य केले. आराखडा आणि हक्क दोन्ही आता कागदावर आहेत. ते गल्लीत आणि शिवारात उतरतात की नाही, हे विचारत राहण्याची जबाबदारी बातमीदारांवर आणि मतदारांवर आहे.