पर्यटन व यात्राकाळातील लहान विमाने आणि हेलिकॉप्टरची उड्डाणे : सुरक्षिततेचा विचार

प्रस्तावना

पंढरपूर तालुक्यातील करकंब व परिसर हा ऊस आणि द्राक्षबागांचा टापू आहे. द्राक्षाचा हंगाम आटोपतो, महाविद्यालयांना उन्हाळी सुट्टी लागते आणि अनेक कुटुंबे चारधाम किंवा नेपाळच्या यात्रेस निघतात. सहल कंपन्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत आता केदारनाथचे हेलिकॉप्टर, काठमांडूहून एव्हरेस्टदर्शनाचे विमान, मुक्तिनाथासाठी पोखरा ते जोमसोम हा हवाई प्रवास असे पर्याय सर्रास दिसतात. त्यांचे पैसे भरावेत की नाही, हा प्रश्न गावात बहुधा प्राध्यापकांना विचारला जातो. ‘विमान आहे म्हणजे सुरक्षितच’ आणि ‘लहान विमान म्हणजे जिवाशी खेळ’ ही दोन्ही उत्तरे सोपी असली, तरी अपुरी आहेत. प्रस्तुत लेखात या उड्डाणांतील धोका नेमका कोठे असतो, याचा विचार केला आहे.

आकारापेक्षा व्यवस्था महत्त्वाची

लहान विमान हे लहान असल्यामुळेच धोकादायक असते, असा समज आढळतो. तो तपासून पाहण्यासारखा आहे. ९ जून २०२५ रोजी सोलापूरहून गोव्यासाठी विमानसेवा सुरू झाली, तेव्हा पंख्याचे विमान पाहून अनेकांच्या मनात शंका आली. वास्तविक एटीआर जातीच्या या विमानास दोन इंजिने असतात, दोन वैमानिक असतात आणि ढगांतही उपकरणांच्या आधारे मार्ग काढता येतो. ही नियमित वेळापत्रकाची सेवा होय. याउलट, २८ नोव्हेंबर १९७९ रोजी अंटार्क्टिकाचे दर्शन घडविण्यास निघालेले एअर न्यूझीलंडचे प्रचंड डीसी-१० विमान एरेबस पर्वतावर आदळले आणि २५७ जण मृत्युमुखी पडले. आकाराने त्यांना वाचविले नाही.

केदारनाथच्या मार्गावर मुख्यत्वे एक इंजिन व एक वैमानिक असलेली हेलिकॉप्टरे वापरली गेली आहेत. ती दृश्य उड्डाण नियमांनुसार चालतात. याचा सरळ अर्थ असा की वैमानिकास बाहेरचे दिसले पाहिजे. दरी दिसेनाशी झाली की उड्डाणाचा आधारच संपतो. शेजारी दुसरा वैमानिक नसल्याने ‘मागे फिरू या’ असे सुचविणाराही कोणी नसतो. ही दुसऱ्या माणसाची उणीव मला इंजिनाच्या संख्येपेक्षा अधिक गंभीर वाटते.

विरळ हवेचा आणखी एक प्रश्न आहे. केदारनाथ सुमारे ३,५८० मीटर उंचीवर असून तेथील हवेची घनता समुद्रसपाटीच्या मानाने जवळपास ७० टक्केच असते. पात्यांना उचल कमी मिळते, इंजिनाची शक्तीही घटते. चढण्यापूर्वी प्रवाशाचे वजन केले जाते आणि ८० किलोंपेक्षा अधिक वजनास जादा आकार पडतो, तो केवळ व्यापारी हिशेब नव्हे. तिकीट काढताना वजन कमी सांगणारे सुशिक्षित लोकही असतात, हे येथे खेदाने नमूद करावेसे वाटते.

अपघात काय सांगतात

२५ सप्टेंबर २०११ रोजी एव्हरेस्टदर्शन करून काठमांडूकडे परतणारे बुद्ध एअरचे बीचक्राफ्ट विमान ललितपूर जिल्ह्यातील कोटडांडा येथे डोंगरावर आदळले. विमानातील सर्व १९ जणांचा मृत्यू झाला. त्यांत १० भारतीय होते. पर्वतदर्शन निर्विघ्न पार पडले होते. अपघात घडला तो विमानतळाजवळ येताना, ढगांत.

२९ मे २०२२ रोजी पोखराहून जोमसोमला निघालेले तारा एअरचे ट्विन ऑटर विमान मुस्तांग जिल्ह्यात कोसळले. २२ मृतांमध्ये ठाण्याचे चौघांचे एक कुटुंब होते. विमान अनवधानाने ढगांत शिरले, योग्य मार्गावर लक्ष राहिले नाही आणि डोंगर जवळ आल्याची सूचना देणारी यंत्रणा त्या वेळी बंद ठेवलेली होती, असा चौकशीचा निष्कर्ष आहे. यंत्रणा विमानात बसविलेली असणे आणि ती चालू असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१५ जून २०२५ ची घटना आपल्या अधिक जवळची. पहाटे ५ वाजून १० मिनिटांनी गुप्तकाशीहून निघालेले हेलिकॉप्टर ५.१८ ला केदारनाथास उतरले व एका मिनिटात, ५.१९ ला, परत निघाले. गौरीकुंडाजवळ ते कोसळून वैमानिकासह सातजण दगावले. त्यांत यवतमाळ जिल्ह्यातील पती-पत्नी आणि त्यांची दोन वर्षेही पूर्ण न झालेली मुलगी होती. दरीच्या तोंडाशी दाट ढग असताना उड्डाण झाले, असे प्राथमिक शासकीय निवेदनात म्हटले होते. त्याआधी ८ मे रोजी गंगोत्रीच्या वाटेवर गंगनानीजवळ हेलिकॉप्टर कोसळून सहाजण मृत्युमुखी पडले होते. महामार्गावर उतरण्याचा प्रयत्न करताना त्याचे पाते वरून गेलेल्या तारेस लागले, असे प्राथमिक अहवाल सांगतो.

गंगनानीचा अपवाद सोडला, तर या घटनांत विमान वैमानिकाच्या ताब्यात असतानाच डोंगर आडवा आला, असे दिसते. मग दिसत नसताना पुढे का जावेसे वाटले, हा खरा प्रश्न उरतो. सकाळी हवा उघडी असते, दुपारनंतर ढग दाटतात. त्या थोड्या तासांत जितक्या फेऱ्या होतील तितके उत्पन्न. खाली रांगेत शेकडो यात्रेकरू, आणि त्यांतील प्रत्येकाची परतीची गाडी ठरलेली. हा दबाव केवळ कंपनीकडून येत नाही. उशिराबद्दल हेलिपॅडवर वाद घालणारा प्रवासीही त्यात भर घालतो.

नियमन बहुधा अपघातानंतर जागे होते. अमेरिकेतील ग्रँड कॅन्यनवर १८ जून १९८६ रोजी पर्यटकांचे विमान व हेलिकॉप्टर एकमेकांवर आदळून २५ जण ठार झाले. १९८७ मध्ये कायदा झाला, त्यानंतर तेथे उड्डाणांचे मार्ग व उंची ठरवून देण्यात आली. २०२५ च्या पावसाळ्यानंतर चारधामची सेवा पुन्हा सुरू होण्यापूर्वी आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने हेलिपॅड, हेलिकॉप्टरे व कंपन्यांची सिद्धता यांची तपासणी केली.

प्रवाशाच्या हाती काय

इंजिनाची देखभाल प्रवाशाला तपासता येत नाही. कार्यक्रमपत्रिका मात्र त्याच्या हातात असते. केदारनाथनंतर एक दिवस मोकळा ठेवला, तर ‘आज उड्डाण नाही’ हे उत्तर पचविणे सोपे जाते. रद्द झालेल्या उड्डाणाचे पैसे परत मिळतात का, हे सहल कंपनीस निघण्यापूर्वी लेखी विचारावे. समोरचा कडा दिसत नसेल, तर पाळी आली तरी न बसण्याचा अधिकार प्रवाशास आहे. अपघात विम्याच्या अनेक करारांत परवानाप्राप्त विमानातून भाडे भरून केलेला प्रवास अशी अट असते. ती वाचलेली बरी.

पायवाट निर्धोक आहे असेही नाही. गौरीकुंडापासूनच्या सुमारे १६ किलोमीटरच्या चढणीवर दरडी, विरळ हवा आणि हृदयविकार यांमुळे माणसे दगावतात. साठी ओलांडलेल्यांना तर हेलिकॉप्टर हाच कमी धोक्याचा मार्ग ठरू शकतो. सोनप्रयाग ते केदारनाथ या १२.९ किलोमीटरच्या रज्जुमार्गास केंद्रीय मंत्रिमंडळाने मार्च २०२५ मध्ये मान्यता दिली. आठ-नऊ तासांचा प्रवास त्याने सुमारे ३६ मिनिटांवर येणे अपेक्षित आहे. तो बांधून होईपर्यंत घरातील वृद्धांसाठी पालखी, घोडा की हेलिकॉप्टर, हा निर्णय त्यांच्या डॉक्टरांना विचारून आणि त्या दिवशीचे आभाळ पाहूनच घ्यावा लागेल.