ड्रॅगनच्या गुहेतली प्रीती : किल्ली कोणाच्या हाती?

आमच्या विहाराच्या अभ्यासिकेत अकरावी-बारावीच्या मुली हल्ली इंग्रजी कादंबऱ्याही वाचतात. परवा त्यांतल्या एकीने आम्हाला विचारले, "काका, तो तिला कोंडून ठेवतो, तरी तिचं त्याच्यावरच प्रेम बसतं. असं कसं हो?"

प्रश्न ड्रॅगनच्या कथेचा होता. ड्रॅगन म्हणजे आग ओकणारा, पंख असलेला अजस्र सर्प. आम्हाला उत्तर सुचले नाही. म्हणून आम्ही ही पुस्तके मिळवून वाचली.

कथा मूळची युरोपातली. तेराव्या शतकात लिहिलेल्या संत जॉर्जच्या आख्यायिकेत नगरातील लोक ड्रॅगनला रोज दोन मेंढ्या देतात. मेंढ्या संपत आल्यावर चिठ्ठ्या टाकून माणसे देऊ लागतात. एके दिवशी राजकन्येची चिठ्ठी निघते आणि जॉर्ज तिला सोडवतो. तिच्या मनात काय होते, हे मात्र कोणी विचारीत नाही. आजच्या लेखिका ते विचारतात, म्हणून मुलींना त्यांची पुस्तके आवडतात.

अमेरिकन लेखिका नाओमी नोव्हिक यांची 'अपरूटेड' ही कादंबरी २०१५ साली आली. तिच्यातला 'ड्रॅगन' हा खरे तर जादूगार आहे. तो खोऱ्याचे रक्षण करतो आणि त्याबद्दल दर दहा वर्षांनी सतरा वर्षांची एक मुलगी आपल्या मनोऱ्यात नेतो. देखण्या काशाला तर तिची आई लहानपणापासून त्यासाठीच तयार करते. पण निवड होते ती काशाची मैत्रीण अग्निएश्का हिची. तो तिला घालूनपाडून बोलतो, आणि पुढे त्याच्यावरच तिचे मन जडते. आम्हाला खटकला तो जादूगारापेक्षा गाव. लेक देऊन रीत पाळणारे, रात्री स्वस्थ झोपणारे गाव! मुली देवाला सोडण्याची चाल ज्यांनी भोगली, त्या आपल्या समाजाला हे वेगळे सांगायला नको. अग्निएश्का मात्र मनोऱ्याची होऊन राहत नाही. ती स्वतःची विद्या ओळखते, त्याला जाब विचारते आणि शेवटी आपले घर वेगळे थाटते.

सोफी जॉर्डन यांच्या 'फायरलाइट' (२०१०) मध्ये नायिका जॅसिंडा स्वतःच ड्रॅगनवंशी आहे. आग ओकण्याची दुर्मीळ शक्ती तिच्यात आहे. म्हणून जमातीच्या पुढाऱ्यांनी तिचा जोडीदार आधीच ठरवलेला असतो. ती शिस्त मोडते, तेव्हा तिचे पंख छाटण्याचा बेत होतो. आई दोन्ही मुलींना घेऊन रातोरात पळ काढते. पुढे जॅसिंडाचे प्रेम बसते ते विलवर, म्हणजे तिच्याच वंशाची शिकार करणाऱ्या घराण्यातल्या मुलावर! एकीकडे शिकाऱ्याचे घर, दुसरीकडे स्वतःची जमात. पिंजरा परकेच बांधतात असे नाही, आपलेही बांधतात.

तिसरे पुस्तक पॅट्रिशिया रीडी यांचे 'डीलिंग विथ ड्रॅगन्स' (१९९०). राजकन्या सिमोरीन हिला तलवारबाजी, जादू शिकायची असते. घरचे ते बंद पाडून तिचे लग्न ठरवतात. तेव्हा ती आपल्या पायांनी ड्रॅगनच्या गुहेत जाते आणि काझूल नावाच्या मादी ड्रॅगनकडे काम मागते. स्वयंपाक करते, ग्रंथसंग्रह लावते आणि 'सोडवायला' आलेल्या सरदारांना परत पाठवते. राजवाडा तिला तुरुंग होता, गुहा नव्हती. कारण गुहेत ती स्वतःहून गेली होती.

येथेच आम्हाला त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर सापडले. जागा कोणती हे महत्त्वाचे नाही. दाराची किल्ली कोणाजवळ आहे, हे पाहायचे. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या दलित महिला परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या भगिनींना हेच सांगितले होते. पत्नीने पतीची मैत्रीण व बरोबरीची म्हणून उभे राहावे, त्याची दासी होण्यास नकार द्यावा. प्रेमाची याहून चांगली कसोटी आम्हाला माहीत नाही.

तेव्हा मुलींनो, ही पुस्तके जरूर वाचा. मात्र वाचताना एक प्रश्न जवळ ठेवा : ती 'नाही' म्हणाली तर तो ऐकेल काय? कथेतल्या मनोऱ्यात राग गोड वाटतो, कारण शेवट लेखिकेच्या हाती असतो. प्रत्यक्षात जो तुमचा मोबाईल तपासतो, मैत्रिणी तोडायला लावतो आणि त्याला प्रेम म्हणतो, त्याच्या कथेचा शेवट कोणी लिहून ठेवलेला नसतो.

आणि आईवडिलांनो, असली पुस्तके म्हणून ती हिसकावून घेऊ नका. मुलीशेजारी बसा, गोष्ट विचारा. कुलूप आपणच लावले, तर आपण आणि तो मनोऱ्यातला जादूगार यांत फरक काय राहिला?

त्या मुलीला आम्ही एवढेच सांगितले. ती म्हणाली, "मग आता पुढचं पुस्तक तुम्ही आधी वाचा, काका!" आम्ही कबूल केले आहे.