डिझेलचा पिकअप की पेट्रोलचा स्पीड? दमदार गाडी घेण्याआधी हे समजून घ्या

मोहोपाडा : गाडी घ्यायची ठरली की घरात दोन पार्ट्या पडतात. अब्बा म्हणतात डिझेल घ्या, अ‍ॅव्हरेज चांगला पडतो. पोरगा म्हणतो पेट्रोल टर्बो घेऊ, स्पीड बघा. सौदी किंवा दुबईहून सुट्टीवर आलेले मामू म्हणतात, तिकडे डिझेल कार कुणी विचारतही नाही. तिघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर आहे, पण प्रत्येक जण वेगळ्या गोष्टीबद्दल बोलतोय. रसायनीच्या कंपनीत रोज जाणारा, पनवेल-मुंबईला ये-जा करणारा आणि दर महिन्याला बोरघाट चढून पुण्याला जाणारा, या तिघांची गरज एक नाही.

दोन इंजिनांत फरक काय?

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचं मिश्रण दाबलं जातं आणि स्पार्क प्लगच्या ठिणगीने पेटवलं जातं. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतोच. तिथे नुसती हवा इतकी जोरात दाबतात की ती तापून लाल होण्याच्या बेताला येते. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा मारला की ते आपोआप पेट घेतं. पेट्रोल इंजिनात हवा साधारण 10 पटीने दाबली जाते, डिझेलमध्ये 15 ते 18 पटीने. एवढा दाब सोसायचा म्हणून डिझेल इंजिनाचा ब्लॉक, पिस्टन, क्रँक सगळं जाड आणि वजनदार करावं लागतं. त्यामुळेच ते महागही पडतं.

जड भाग फार वेगाने फिरवता येत नाहीत, शिवाय डिझेल जळायला वेळही जरा जास्त लागतो. त्यामुळे कारचं डिझेल इंजिन साधारण 4500 ते 5000 आरपीएमला थांबतं. पेट्रोलचं 6000-6500 पर्यंत सहज जातं, स्पोर्ट्स कारचं तर 8000 च्याही वर.

टॉर्क आणि पॉवर

टॉर्क म्हणजे चाक फिरवण्याचा जोर. पॉवर म्हणजे तो जोर एका मिनिटात किती वेळा लावला जातो त्याचा हिशोब. सायकलचं उदाहरण घ्या. चढावर पेडलवर उभं राहून जो दाब देता तो टॉर्क. तेच पेडल भराभर मारत राहिलात तर पॉवर वाढते.

घाटापलीकडे चाकणला बनलेली महिंद्राची एक्सयूव्ही 700 बघा. 2021 मध्ये ही गाडी दोन्ही इंजिनांत आली. 2 लिटरचं पेट्रोल टर्बो 200 हॉर्सपॉवर आणि 380 न्यूटन मीटर टॉर्क देतं. 2.2 लिटरचं डिझेल, ऑटोमॅटिकमध्ये, 185 हॉर्सपॉवर आणि 450 न्यूटन मीटर देतं. म्हणजे पॉवर पेट्रोलची जास्त, टॉर्क डिझेलचा जास्त. पेट्रोल आपली पूर्ण पॉवर 5000 आरपीएमला देतं, डिझेल 3500 लाच. सात माणसं, वर लग्नाचं सामान आणि समोर बोरघाटाचा चढ असेल तर डिझेल गिअर न बदलता ओढत राहतं. मोकळ्या रस्त्यावर शेवटपर्यंत इंजिन ताणायचं असेल तर पेट्रोल पुढे निघतं.

हीच गोष्ट घड्याळ लावून बघायची तर स्कोडाची ऑक्टेव्हिया आरएस घ्या. 2013 च्या मॉडेलमध्ये युरोपात दोन्ही इंजिनं मिळायची. डिझेल 184 हॉर्सपॉवर, 380 न्यूटन मीटर. शून्य ते 100 किमी वेग साधारण 8 सेकंदांत. पेट्रोल 220 हॉर्सपॉवर, टॉर्क 350 म्हणजे कमी, तरी तोच वेग 7 सेकंदांच्या आत. टॉर्क कमी असूनही पेट्रोल पुढे, कारण शर्यत पॉवर जिंकते. भारतात 2017 मध्ये ही आरएस आली ती पेट्रोलमध्येच.

मग डिझेलचा पिकअप जास्त वाटतो तो का? कारण 1800 आरपीएमच्या आसपास टर्बो जागा होतो आणि पाठीला एकदम धक्का बसतो. पेट्रोल त्या मानाने सरळ वाढत जातं.

डिझेलने शर्यतीही जिंकल्या आहेत

फ्रान्समधली 24 तासांची ले मान्स शर्यत 2006 मध्ये ऑडीच्या आर 10 टीडीआय या डिझेल गाडीने जिंकली. डिझेलचा तिथला तो पहिला विजय. 5.5 लिटरचं व्ही 12 इंजिन, 650 च्या वर हॉर्सपॉवर. 2009 मध्ये प्यूजोची डिझेल गाडी जिंकली आणि 2014 पर्यंत ले मान्सवर डिझेलचंच राज्य होतं. कारण सोपं आहे. एक लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा जास्त ऊर्जा असते आणि डिझेल इंजिन ती कमी वाया घालवतं. 24 तासांत तेल भरायला कमी वेळा थांबावं लागलं की तो फायदा मोठा. नियमांनीही डिझेलला मोठं इंजिन वापरायची मुभा दिली होती.

पुढे हवा फिरली. सप्टेंबर 2015 मध्ये फोक्सवॅगनचा घोटाळा उघड झाला. तपासणीच्या वेळी धूर कमी दाखवणारं सॉफ्टवेअर डिझेल गाड्यांत बसवलं होतं. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआय संस्थेने गाड्या तपासल्या आणि कंपनीने भारतात सुमारे 3 लाख 23 हजार गाड्या परत बोलावण्याचं जाहीर केलं. 2016 च्या शेवटी ऑडीनेही ले मान्स सोडलं.

आपल्याकडे डिझेल स्वस्त का झालं, मागे का पडलं?

जून 2010 मध्ये पेट्रोलचे दर सरकारने मोकळे सोडले, डिझेलचे मात्र ऑक्टोबर 2014 पर्यंत धरून ठेवले. मधल्या काळात दोन्हींतला फरक खूप वाढला आणि सगळे डिझेलकडे पळाले. फियाटचं 1248 सीसीचं मल्टीजेट इंजिन तेव्हा स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत इतक्या गाड्यांत होतं की लोक त्याला देशाचं राष्ट्रीय इंजिन म्हणायचे. 1 एप्रिल 2020 पासून बीएस 6 नियम लागू झाले. छोट्या डिझेल गाडीत धूर साफ करणारी यंत्रणा बसवायचा खर्च परवडेना, म्हणून मारुतीने डिझेल बंदच केलं. आता डिझेल मुख्यतः मोठ्या एसयूव्हीत उरलं आहे. आखातात पेट्रोलच स्वस्त, म्हणून मामूंना डिझेल कार दिसत नाही.

हिशोब घालून बघा

समजा पेट्रोल 104 रुपये, डिझेल 90 रुपये. पेट्रोल गाडी 12 चा अ‍ॅव्हरेज देते, डिझेल 15 चा. पेट्रोलचा खर्च किलोमीटरला 8 रुपये 67 पैसे, डिझेलचा 6 रुपये. फरक 2 रुपये 67 पैसे. डिझेल मॉडेल सव्वा लाखाच्या आसपास, समजा 1 लाख 20 हजारांनी महाग असेल तर तो पैसा वसूल व्हायला सुमारे 45 हजार किमी लागतात. वर्षाला 25 हजार चालवणाऱ्याचा दोन वर्षांच्या आत सुटतो. वर्षाला 8 हजार चालवणाऱ्याला साडेपाच वर्षं लागतात. आपल्या गाडीचे खरे आकडे घालून हा हिशोब घरीच करा.

आणखी एक गोष्ट. बीएस 6 डिझेलमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जाळायला गाडी हायवेवर वीसेक मिनिटं सलग चालावी लागते. मोहोपाडा नाका ते कंपनी, कंपनी ते बाजार अशी तीन-चार किलोमीटरचीच चक्कर होत असेल तर फिल्टर तुंबतो आणि त्याचा खर्च मोठा येतो. अशा घरासाठी पेट्रोलच बरं.

जुनी गाडी, रिमॅप आणि घाट

दिल्लीत डिझेल गाडीला 10 वर्षांची मर्यादा आल्यावर तिकडच्या जुन्या मोठ्या डिझेल गाड्या इतर राज्यांत स्वस्तात विकल्या जाऊ लागल्या. अशी गाडी बघताना एनओसी, इथलं पासिंग आणि टॅक्स किती बसेल ते आधी आरटीओत विचारा. टर्बो, इंजेक्टर आणि क्लच ओळखीच्या मेकॅनिककडून तपासा. एक गेला तरी स्वस्ताई संपली.

टर्बो गाडीचं रिमॅप करून पॉवर वाढवायचं फॅडही पोरांत आहे. डिझेलमध्ये टॉर्क पटकन वाढतो, पण क्लच, गिअरबॉक्स आणि ब्रेक जुनेच राहतात. वॉरंटी जाते, अपघात झाला तर विम्याचा क्लेम अडकू शकतो.

खोपोली सोडून बोरघाट चढताना डिझेलचा जोर कामाला येतो, उतरताना मात्र गाडीचं वजनच अंगावर येतं. ज्या गिअरमध्ये चढली असती त्याच गिअरमध्ये उतरवा. न्यूट्रल करू नका, इंजिन बंद करून तर अजिबात उतरू नका. ब्रेक आणि स्टिअरिंगची मदत जाते. सतत ब्रेक दाबला की तो तापून निकामी होतो. टर्बो गाडी चढ चढून आल्या आल्या बंद करू नका, अर्धा-एक मिनिट चालू राहू द्या.

एक्सप्रेस वेवर सपाट भागात कारची मर्यादा ताशी 100 किमी आहे. त्या वेगात गाडी एका सेकंदात 28 मीटर जाते. पाय ब्रेकवर पोचेपर्यंत एवढं अंतर गेलेलं असतं, मग इंजिन डिझेल असो की पेट्रोल. आणि 18 वर्षांखालच्या मुलाच्या हातात चावी दिली तर मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनुसार पालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड होऊ शकतो, शिवाय गाडीची नोंदणी 12 महिने रद्द होते.

थोडक्यात, रोज लांब पल्ला, घाट आणि भरलेली गाडी असेल तर डिझेल. गावातल्या गावात वापर आणि कधीमधी पनवेल असेल तर पेट्रोल. नुसत्या स्पीडसाठी घ्यायची असेल तर पेट्रोलच पुढे आहे, पण आपल्या रस्त्यावर तो स्पीड चालवायला जागा कुठे आहे, हे घरात सगळ्यांनी बसून आधी ठरवा.