कंपायलर-इष्टतमीकरण व प्रोसेसरभेद

उच्च स्तरीय भाषेतील आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीस कंपायलर म्हणतात. हे रूपांतर करताना, उत्तरात फरक पडू न देता आज्ञावली अधिक वेगाने वा कमी स्मृतीत चालावी म्हणून कंपायलर जे फेरफार करतो, त्यांस इष्टतमीकरण अशी संज्ञा आहे. नाव काहीसे अतिशयोक्त आहे. प्रत्यक्षात सर्वोत्तम नव्हे, तर अधिक बरे रूप हाती येते.

जॉन बॅकस व त्यांचे सहकारी यांनी आयबीएम ७०४ या संगणकासाठी १९५७ मध्ये पूर्ण केलेल्या फोर्ट्रान कंपायलरमध्येच या तंत्रावर भर होता. हाताने लिहिलेल्या यंत्रभाषेच्या तोडीचा वेग मिळाला नाही, तर नवी भाषा कोणी वापरणार नाही, अशी त्यांना रास्त धास्ती होती.

आवर्तनात न बदलणारी आकडेमोड आवर्तनाबाहेर काढणे, वारंवार लागणारी मूल्ये रजिस्टरांत ठेवणे इ. फेरफार बहुतेक सर्व प्रोसेसरांवर उपयोगी पडतात. काही फेरफार मात्र विशिष्ट प्रोसेसरच्या आज्ञासंचावर अवलंबून असतात. उदा., इंटेलने १९९९ मध्ये पेंटियम ३ बरोबर आणलेल्या एसएसई आज्ञासंचात १२८ बिटांच्या रजिस्टरात ३२ बिटांच्या चार संख्या मावतात व एकाच आज्ञेने चार बेरजा होतात. ज्या प्रोसेसरमध्ये ही आज्ञा नाही, त्यावर ती येताच आज्ञावली बंद पडते. यावर तोड म्हणून काही कंपायलर एकाच कार्याची अनेक रूपे तयार करतात आणि आज्ञावली चालू असताना सीपीयूआयडी या आज्ञेने प्रोसेसरची माहिती घेऊन त्यांतील एक रूप निवडले जाते. या आज्ञेने निर्मात्याचे १२ अक्षरी नाव मिळते, तसेच कोणते आज्ञासंच उपलब्ध आहेत हेही कळते.

निवडीस दुसरी माहिती पुरेशी असते. इंटेलच्या कंपायलरने निर्माण केलेल्या आज्ञावल्यांत मात्र निर्मात्याचे नावही तपासले जाई व ते इंटेल नसल्यास सामान्य, मंद रूप चालविले जाई. एएमडीच्या २००३ मधील ऑप्टेरॉन प्रोसेसरमध्ये एसएसई२ हा आज्ञासंच असूनही त्याचा लाभ अशा वेळी मिळत नसे. प्रतिस्पर्ध्याच्या प्रोसेसरची बारीकसारीक मशागत करण्याचे बंधन कोणत्याही कंपनीवर नाही, हे खरे; परंतु प्रोसेसरने स्वतः जाहीर केलेली क्षमता नावावरून नाकारणे ही निराळी गोष्ट होय. एएमडीने २००५ मध्ये इंटेलविरुद्ध भरलेल्या दाव्यात मुख्य भर विक्रीतील सवलतींवर असला, तरी ही तक्रारही होती. नोव्हेंबर २००९ मध्ये इंटेलने १२५ कोटी डॉलर देऊन तो मिटविला. पुढे अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनबरोबर २०१० मध्ये झालेल्या तडजोडीनुसार, आपले कंपायलर इतरांच्या प्रोसेसरसाठी तितकेच इष्टतमीकरण करतीलच असे नाही, हे आज्ञावलीकारांस कळविणे इंटेलवर बंधनकारक झाले.

यात खरी फसगत आज्ञावलीकाराची व ग्राहकाची होते. एकाच आज्ञावलीने दोन प्रोसेसरांचा वेग मोजला, म्हणजे तुलना निःपक्षपाती झाली असे वाटते. वस्तुतः दोहोंवर तिची भिन्न रूपे चाललेली असू शकतात. व्हिया कंपनीच्या नॅनो या प्रोसेसरमधील निर्मात्याचे नाव बदलता येत असे. २००८ मध्ये ते इंटेलचे करून पाहिले असता, पीसीमार्क २००५ या मापन-आज्ञावलीत त्याच प्रोसेसरचे स्मृतिविषयक गुण वाढले. स्पेक या संस्थेच्या मापनात निष्कर्षाबरोबर कंपायलरचे नाव, त्याची आवृत्ती व त्यास दिलेल्या सूचना नोंदवाव्या लागतात.