ऑफिसचं नेट रोज ठरावीक वेळीच का रखडतं? कारण असं शोधा

सकाळी स्पीड टेस्ट केली तर १०० एमबीपीएस, आणि दुपारी चार वाजले की जीएसटी पोर्टलसुद्धा उघडत नाही. ओळखीचं वाटतंय ना? नेट कायमच स्लो असेल तर प्लॅन तपासायचा. पण ते रोज एकाच वेळी रखडत असेल, तर बहुतेक त्या वेळी नेटवर्कवर काहीतरी सुरू होत असतं. ते शोधता येतं.

वसई पूर्वेला एका इंडस्ट्रियल गाळ्यातल्या छोट्या ऑफिसात मला यासाठीच बोलावलं होतं. माल भरलेला टेम्पो दारात उभा आणि ई-वे बिल निघत नाही, असं रोज चाललेलं. मालकांचा संशय पोरांच्या रील्सवर. सगळ्यांचे मोबाइल वायफायवरून काढले होते, तरी चार वाजता तेच!

पायरी १: आधी नोंद ठेवा

चार-पाच दिवस लिहून ठेवा: किती वाजता सुरू झालं, किती वाजता थांबलं, एकालाच त्रास की सगळ्यांना, फक्त वायफायवर की केबलवरही. एकालाच असेल तर तो कॉम्प्युटर किंवा त्याची केबल बघा. फक्त वायफायवर असेल तर शेजारच्या गाळ्यांचे राउटर आड येत असतील. २.४ गिगाहर्ट्‌झवर एकमेकांत न घुसणारे चॅनल तीनच आहेत: १, ६ आणि ११. जमेल तिथे ५ गिगाहर्ट्‌झ वापरा.

पायरी २: दोन पिंग

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत आपल्या राउटरला पिंग करा (पत्ता बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो), दुसरीत गूगलच्या ८.८.८.८ ला. टाइप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजीच हवेत. आता उत्तर यायला किती मिलिसेकंद लागतात ते बघा.

- राउटरचंच उत्तर उशिरा येतंय: दोष ऑफिसच्या आत, म्हणजे वायफाय, केबल, स्विच किंवा राउटर.
- राउटर झटपट, ८.८.८.८ उशिरा: बाहेर जाणारी लाइन भरलीय किंवा कंपनीकडे अडचण आहे.
- दोन्ही झटपट: नेट ठीक, ती वेबसाइट किंवा तुमचा कॉम्प्युटर स्लो.

आमच्याकडे राउटर २ मिलिसेकंदांत उत्तर देत होता. बाहेरचं पिंग मात्र चार वाजता १५ वरून थेट ८०० च्या पुढे.

पायरी ३: लाइन कोण भरतंय?

राउटरच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी असते. काही राउटर कोण किती डेटा पाठवतंय तेही दाखवतात. नसेल तर एकेक कॉम्प्युटर नेटवरून काढा आणि पिंग बघत राहा. अकाउंट्सचा कॉम्प्युटर काढताच पिंग खाली आलं. त्यावर रोज चार वाजता क्लाउड बॅकअप लागत होता.

बॅकअप म्हणजे अपलोड. मग पेज उघडायला का अडतं? कारण काहीही डाउनलोड करताना तुमचा कॉम्प्युटर ‘मिळालं, पुढचं पाठव’ असे छोटे निरोप वर पाठवत असतो. राउटरमध्ये बॅकअपची लांब रांग लागली की हे निरोप मागे अडकतात. विरार स्टेशनच्या जिन्यावर पुढे मोठं बोचकं घेतलेला माणूस असला की मागचे सगळे थांबतात, तसंच. याला बफरब्लोट म्हणतात.

उपाय काय?

बॅकअप रात्रीवर टाका (तेव्हा कॉम्प्युटर चालू हवा), किंवा त्याच्या अपलोडला मर्यादा घाला. राउटरमध्ये क्यूओएस किंवा एसक्यूएम असेल तर सुरू करून मर्यादा खऱ्या स्पीडच्या ८५-९० टक्क्यांवर ठेवा. आम्ही बॅकअपची वेळ बदलली. नवा राउटर नाही, नवा प्लॅन नाही. ई-वे बिल वेळेवर निघू लागलं आणि पोरांवरचा आळ गेला.

मोबाइलवाल्यांनो, रील्स बघणं हे मुख्यतः डाउनलोड आहे. ऑफिसच्या वायफायवर लग्नाचे चारशे फोटो आणि व्हिडिओ आपोआप बॅकअप होणं, हे मात्र अपलोड! ती सेटिंग एकदा बघून घ्या.

आणि कोणीच अपलोड करत नसताना बाहेरचं पिंग वाढत असेल, तर कंपनीला फोन करा. ‘नेट स्लो आहे’ एवढंच सांगू नका, वेळ आणि दोन्ही पिंगचे आकडे सांगा. मग ‘राउटर बंद करून चालू करा’ एवढ्यावर बोळवण होत नाही.