अथर्वशीर्षातील पंचभूते आणि वरळीचे आमदार

भाद्रपद शुद्ध चतुर्थीस घरोघरी अथर्वशीर्षाची आवर्तने होतात. त्यात गजाननास भूमी, जल, अग्नी, वायू व आकाश या पाचांचे रूप मानिले आहे. गिरगाव-दादरच्या कीर्तनांत आम्ही चाळीस वर्षे याचे निरूपण करीत आलो. पण हीच पाच नावे सरकारी कागदावर वाचून आम्ही अंमळ चकित झालो.

२ ऑक्टोबर २०२० रोजी राज्याच्या पर्यावरण विभागाने 'माझी वसुंधरा' अभियान आरंभिले. गावांनी व नगरांनी या पाच तत्त्वांसाठी काय केले, त्यावर गुण द्यावयाचे ठरले. तेव्हा खात्याचे मंत्री होते २०१९ साली वरळीतून निवडून आलेले आदित्य ठाकरे. लालबाग-परळ त्यांच्या मतदारसंघास लागूनच. प्लॅस्टिकबंदीचा आग्रह त्यांनी मंत्रिपदापूर्वीच धरिला होता. २०१८ च्या त्या बंदीत आमच्या यजमानांची थर्माकोलची मखरेही गेली. मुले हिरमुसली खरी. पण मागाहून आलेली कापडाची मखरे अधिक शोभली, असे आमचे मत. पक्षोपक्षांचे वाद हा आमच्या कीर्तनाचा विषय नव्हे.

परंतु भूमी आणि जल यांचा कस लागतो तो मूर्तीपाशी. शाडू पाण्यात विरते, प्लास्टर ऑफ पॅरिस विरत नाही. अनंत चतुर्दशीनंतरच्या पहाटे गिरगाव चौपाटीच्या वाळूत भग्न हात आणि सोंडा पाहून कित्येकदा आमचे संध्येत मन लागले नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये अशा मूर्तींना मनाई केली आणि लागलीच ती वर्षभर पुढे ढकलली गेली. त्या साली साथीमुळे सार्वजनिक मूर्ती चार फुटांवर आली. लालबागच्या राजाची मूर्ती तर बसलीच नाही, मंडळाने आरोग्योत्सव केला. जून २०२२ अखेर ठाकरे पायउतार झाले, मूर्तीचा प्रश्न मात्र राहिला. दोष एकट्या त्यांना देणे न्याय्य नव्हे. शाडूची वीस फुटी मूर्ती उभी राहत नाही, आणि परळच्या कितीएक मूर्तिकारांची चूल त्या उंचीवरच पेटते. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयानेही सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावांकडे वळवून त्याहून उंच मूर्तींना मार्च २०२६ पर्यंत समुद्राची वाट मोकळी ठेविली.

गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून उत्सव आहे. मूर्ती लहान, मातीची. उंचीवाचून तेथे काही अडले नाही.

दादरच्या आमच्या एका यजमानांकडे उत्तरपूजेनंतर मूर्ती घंगाळात ठेवितात. पहाटे पाहिले तो तळाशी नुसता गाळ. घरच्या आजींनी तो तुळशीच्या कुंडीत घातला आणि उरलेले पाणी जास्वंदीला.