म्हाताऱ्या मोत्याची रोजची फेरी

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

खेड्यात कुत्र्याला फिरायला न्यायचे, असे म्हटले की ऐकणारा हसतो. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधले कुत्रे पट्ट्याला धरून फिरवावे लागते, हे समजू शकते. पण उजनी धरणाच्या काठी, करमाळा किंवा माढा तालुक्यातल्या एखाद्या वस्तीवरच्या कुत्र्याला कोणी कशाला फिरवायचे? ते दिवसभर फिरतच असते. पहाटे धार काढणाऱ्या माणसाबरोबर गोठ्यात, मग मोटार सुरू करायला निघालेल्या मालकामागे पाण्याच्या काठापर्यंत, दुपारी बांधावरच्या लिंबाखाली आणि संध्याकाळी दूध घालायला निघालेल्या पोराच्या मागे डेअरीपर्यंत. त्याची फेरी ठरलेली असते आणि ती त्याने स्वतःच ठरवलेली असते.

हे खरे, पण तरण्या कुत्र्याबाबत खरे. नऊ-दहा वर्षांचा झालेला मोत्या हळूहळू मागे पडू लागतो. आधी डेअरीपर्यंतची धाव सुटते, मग काठापर्यंतची चाल सुटते. एके दिवशी मोटारसायकल सुरू होते आणि तो नुसती मान वर करून पाहतो. ट्रॅक्टरखाली सापडू नये म्हणून घरातले कोणीतरी त्याला दारात बांधून ठेवते. हेतू चांगलाच असतो. पण त्या दिवसापासून त्याचे सगळे जग साखळीच्या लांबीएवढे होते. आज बोलायचे आहे ते या कुत्र्याविषयी. तरणे कुत्रे आपले आपण फिरते, म्हाताऱ्याला मात्र आपण न्यावे लागते.

हे केवळ भूतदयेचे बोलणे आहे, असे समजू नका. १९६०च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमात एक तरतूद आहे, ती फारशी कोणाला ठाऊक नसते. कायम बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकाने पुरेसे फिरवले नाही, तर तो गुन्हा मानला जातो. उपाशी-तहानलेले मरेल अशा ठिकाणी जनावर सोडून देणे, हाही त्याच कलमातला गुन्हा आहे. म्हातारे कुत्रे पोत्यात घालून हायवेच्या ढाब्यापाशी सोडून येणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

वय झाले म्हणजे काय झाले?

कुत्र्याचे एक वर्ष म्हणजे माणसाची सात, हा हिशेब आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो. तो फारसा बरोबर नाही. कुत्रे पहिल्या वर्षभरातच वयात येते आणि पुढे त्याचे वय सावकाश वाढत जाते. अमेरिकेतल्या संशोधकांनी लॅब्रॅडॉर जातीच्या कुत्र्यांच्या डीएनएवर वयानुसार होणारे रासायनिक बदल मोजून २०२० मध्ये एक नवा हिशेब मांडला. त्यानुसार २ वर्षांचे कुत्रे माणसाच्या चाळिशीत असते आणि १० वर्षांचे ६८च्या आसपास. मोठ्या हाडापेराची कुत्री लवकर म्हातारी होतात, लहान चणीची उशिरा. म्हणजे दहा वर्षांचा मोत्या हा घरातल्या आजोबांच्या वयाचा झालेला असतो आणि त्याच्या तक्रारीही बऱ्याचशा आजोबांसारख्याच असतात.

त्याचे सांधे धरतात. झोपून उठताना तो कण्हतो, चार पावले ताठ टाकतो आणि मग मोकळा होतो. तो मोकळा झाला म्हणजे दुखणे गेले, असे आपल्याला वाटते. पण दुखणे असतेच. डोळ्यांत निळसर झाक येते. ती बहुधा भिंग कठीण झाल्याची असते आणि त्यातून त्याला बऱ्यापैकी दिसते. बुबुळामागे दुधासारखे पांढरे दिसू लागले, तर मात्र तो मोतीबिंदू. ऐकू येणेही कमी होते आणि बहुधा बारीक, चढे आवाज आधी हरवतात. शीळ घातली तरी म्हातारे कुत्रे येत नाही, याचे कारण ते हट्टी झाले हे नसून त्याला शीळ ऐकूच गेलेली नसते. अशा वेळी हाताने खूण करावी किंवा जमिनीवर पाय आपटावा. तो हादरा त्याला कळतो.

या सगळ्यात नाक त्याला शेवटपर्यंत साथ देते. माणसाच्या नाकात वास घेणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख असतात, कुत्र्याच्या नाकात त्या वीस-तीस कोटींपर्यंत असतात. रात्री कोणते जनावर इकडून गेले, शेजारच्या वस्तीवरची कुत्री कुठपर्यंत येऊन गेली, काठावर कोणी जाळे झाडले, हे त्याला एका दगडापाशी उभ्या उभ्या समजते. आपण रविवारची पुरवणी वाचतो तसे ते वाचतो. म्हाताऱ्या कुत्र्याची फेरी पायांपेक्षा नाकासाठी अधिक असते. किती अंतर चालला, यापेक्षा किती ठिकाणी त्याला निवांत हुंगायला मिळाले, हे मोजावे. दोरी ओढून ‘चल रे’ करण्यात त्याची अर्धी फेरी वाया जाते.

किती आणि कसे चालवावे?

तासाभराची एक फेरी नको. दहा-पंधरा मिनिटांच्या दोन किंवा तीन पुरेत. पहिली पाच मिनिटे अगदी सावकाश चालावे, म्हणजे सांधे सैल होतात. फेरी जास्त झाली की नाही, हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळते. तो लंगडत उठला, तर कालची फेरी लांब होती असे समजून ती निम्मी करावी. वाट शक्यतो तीच ठेवावी. वयाने कुत्र्याचीही स्मृती विस्कटते. रात्री उगाच येरझाऱ्या घालणे, कोपऱ्यात तोंड करून उभे राहणे ही त्याची लक्षणे. अशा कुत्र्याला ओळखीच्या वाटेचा मोठा आधार वाटतो.

गळ्यात दोर बांधून ओढण्यापेक्षा छातीला आणि पोटाला धरणारा पट्टा बरा. मागचे पाय लटपटत असतील, तर जुन्या लुगड्याची घडी करून ती पोटाखालून घ्यावी आणि दोन्ही टोके हातात धरून भार थोडा उचलावा. चार दिवसांत दोघांनाही त्याची सवय होते.

आता आपल्या भागाकडे येऊ. धरण १९८० साली पूर्ण झाले. यशवंतसागर हे या जलाशयाचे नाव. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा. या जलाशयाचा काठ एका जागी राहत नाही. पावसाळा संपता संपता पाणी शेताच्या बांधाला लागते आणि मे महिन्यात तेच पाणी कुठल्या कुठे मागे सरते. २०२४च्या उन्हाळ्यात साठा उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेला होता. अशा वेळी पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडते, बुडालेल्या गावांची जोती दिसू लागतात आणि मोकळ्या झालेल्या जमिनीत गाळपेर होते. माणूस हे बदल डोळ्यांनी ओळखतो. मोत्या मात्र गेल्या वर्षीच्या आठवणीने पाण्याकडे निघतो आणि वरून वाळलेल्या, आतून ओल्या गाळात रुततो. तरणे कुत्रे उसळी मारून बाहेर येते. म्हाताऱ्याच्या मागच्या पायांत तेवढे बळ नसते. म्हणून उन्हाळ्यात काठाची वाट सोडावी आणि गावाकडची, सावलीची धरावी.

उन्हाळ्यात दुसरा धोका उन्हाचाच. सोलापूर जिल्ह्याचा पारा एप्रिल-मेमध्ये चाळिशी ओलांडून बेचाळीस-त्रेचाळीसपर्यंत जातो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो तळपायांना थोडाफार येतो, बाकी सारा भार धापेवर. डांबरी रस्त्यावर हाताची पालथी बाजू पाच-सात सेकंद ठेवून पाहावी. आपल्याला सोसले नाही, तर त्याच्या पंजालाही सोसणार नाही. धाप थांबत नसेल, हिरड्या लालभडक झाल्या असतील, लाळ चिकट झाली असेल, तर तो उष्माघात आहे असे समजावे. त्याला सावलीत न्यावे, अंगावर साधे पाणी ओतून वारा घालावा, तोंडात बळेच पाणी ओतू नये आणि लगेच पशुवैद्याकडे न्यावे. बंद मोटारीत तर पाच मिनिटेही ठेवू नये.

पाणी घरून बाटलीत न्यावे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी नद्यांतून याच जलाशयात येते आणि पाणी साचून तापले की काठाला हिरवा तवंग धरतो. निळ्या-हिरव्या शेवाळाच्या काही जाती विषारी असतात. ते पाणी पिण्याने, किंवा त्यात भिजलेले अंग चाटण्यानेही कुत्र्याचे यकृत किंवा मज्जातंतू निकामी होऊ शकतात. काठावरच्या मासळीच्या कचऱ्यावरही लक्ष हवे. चिलापीचे काटे आणि तुटलेल्या दोरीसकट टाकलेले गळ हे दोन्ही त्याच्या घशात अडकतात.

पाऊस पडला की काळी माती पंजांच्या बोटांत भरते आणि वाळून दगडासारखी होते. घरी आल्यावर पाय धुऊन पुसावेत. त्याच वेळी कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड आहेत का, ते पाहावे. थंडीत सांधे अधिक आखडतात, म्हणून ऊन पडल्यावरच निघावे.

ऊस आणि केळीच्या या पट्ट्यात बिबट्याचा विचार आता सोडता येत नाही. डिसेंबर २०२० मध्ये करमाळा तालुक्यात एका बिबट्याने माणसांचे बळी घेतले आणि १८ डिसेंबरला वांगी परिसरात त्याला गोळी घालावी लागली. कुत्रे ही बिबट्याची सोपी शिकार. त्यात म्हातारे, कमी ऐकणारे कुत्रे म्हणजे फारच सोपी. त्यामुळे उजाडल्यावर निघावे, दिवे लागायच्या आत परतावे आणि उसाच्या फडाला लागून जाणारी वाट टाळावी. अशा म्हाताऱ्याला रात्री अंगणात बांधून ठेवणे हेही धोक्याचेच. त्याला आत घ्यावे. गाळप हंगामात ऊस भरलेल्या ट्रॉल्या रस्त्याने सतत जात असतात. त्यांचा आवाज मोत्याला उशिरा कळतो, म्हणून रस्त्याच्या बाजूला आपण आणि आतल्या बाजूला तो, असे चालावे.

आणखी एक पथ्य पाहुण्यांसाठी. हिवाळ्यात उजनीच्या उथळ पाण्यात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, आणि कितीतरी बदके उतरतात. उन्हाळ्यात टिटव्या आणि नदी सुरय उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. कुत्रे कितीही म्हातारे असो, पक्ष्यांना ते कुत्रेच दिसते. काठावर दोरी सोडू नये.

फेरी म्हणजे रोजची तपासणी

रोज त्याच वाटेने त्याच कुत्र्याबरोबर चालणाऱ्याला डॉक्टरच्या आधी काही गोष्टी कळतात. काल ज्या चढावर थांबला नव्हता तिथे आज थांबला. मागच्या पायांची नखे घासली जात आहेत. घरी येऊन तो पूर्वीच्या दुप्पट पाणी पितो. ही मूत्रपिंडाच्या दुखण्याची किंवा मधुमेहाची खूण असू शकते. हे पशुवैद्याला सांगावे, स्वतः औषध देऊ नये. माणसाच्या दुखण्यावरच्या पॅरासिटामॉल, आयब्रुफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या कुत्र्याला घातक ठरू शकतात. खाऊचेही तसेच. आपल्या जिल्ह्यात द्राक्षे, बेदाणे आणि कांदा यांना तोटा नाही. पण द्राक्षे व बेदाणे त्याच्या मूत्रपिंडाला आणि कांदा त्याच्या रक्ताला बाधतो. वय झाले म्हणून रेबीजची लस मात्र चुकवू नये.

चालणे अगदीच थांबले, तरी फेरी थांबत नाही. हातगाडीवर किंवा ट्रॉलीत पोते अंथरून त्याला काठापर्यंत न्यावे आणि वाऱ्याकडे तोंड करून अर्धा तास बसू द्यावे. पाय गेले तरी नाक आहे. त्या अर्ध्या तासात नाकपुड्या कशा हलतात, ते पाहा. फेरी चालू आहे हे समजेल.

होमरच्या ‘ओडिसी’मध्ये अर्गोस नावाचे एक म्हातारे कुत्रे आहे. मालक वीस वर्षे परदेशी, म्हणून घरच्यांनी त्याला दाराबाहेर शेणाच्या उकिरड्यावर पडू दिलेले. मालक भिकाऱ्याच्या वेशात परत येतो. कोणी त्याला ओळखत नाही, अर्गोस ओळखतो. उठवत नाही, म्हणून नुसते शेपूट हलवतो आणि प्राण सोडतो. सुमारे अडीच-पावणेतीन हजार वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे. पण म्हातारी कुत्री आणि उकिरडे यांचे नाते अजून तुटलेले नाही.

एक दिवस असा येतो, की पट्टा दाखवला तरी तो उठत नाही, खात नाही, पोते वाऱ्याकडे वळवले तरी नाक हलत नाही. तेव्हा पशुवैद्याशी मोकळेपणाने बोलावे. वेदना आटोक्यात येणार नसतील, तर त्याला शांतपणे जाऊ देण्याचा मार्ग आहे आणि तो निवडणे म्हणजे निर्दयपणा नव्हे. पुरताना खड्डा खोल घ्यावा, विहिरीपासून दूर घ्यावा आणि गाळपेरीच्या जमिनीत तर मुळीच घेऊ नये. पावसाळ्यात पाणी तिथे परत येते.

पण ते पुढचे. आज तो दारात आहे आणि मोटारसायकलचा आवाज आला की अजून मान वर करतो. उद्या डेअरीवरून आलात, की दहा मिनिटे काढा. साखळी सोडा, पट्टा हातात घ्या आणि वाट त्याला ठरवू द्या.